घरी कळणार नाही ना?

तरुण मुलामुलींसाठीच्या लैंगिक आरोग्य सेवांविषयीचे अहवाल बहुतेक वेळा केंद्रांची संख्या, औषधांचा साठा आणि प्रशिक्षित कर्मचारी यांच्या हिशेबापासून सुरू होतात. पंधरा-सोळा वर्षांची मुलगी किंवा मुलगा अशा केंद्राच्या दारापर्यंत येतो तेव्हा त्याच्या मनात यांतला कोणताही हिशेब नसतो. इथे कुणी ओळखीचे भेटणार नाही ना, केसपेपरवर खरे नाव लिहावे लागेल का, आणि सगळ्यांत आधी, घरी कळणार नाही ना, एवढेच त्याला विचारायचे असते. आणि ते विचारण्याचा धीर न झाल्यामुळे कित्येक जण दारातूनच परत फिरतात. परदेशांतल्या तरुणांच्या चळवळींविषयी मी बराच काळ वाचत आले आहे आणि त्या वाचनातून माझे एक मत पक्के होत गेले आहे. मोर्चे आणि घोषणा लोकांच्या लक्षात राहतात हे खरे, पण या चळवळींचे सर्वांत मोलाचे काम म्हणजे या एका प्रश्नाला कायद्यात, दवाखान्याच्या खिडकीपाशी आणि आता संगणकातल्या नोंदींमध्ये भरवशाचे उत्तर मिळवून देणे, असे मला वाटते.

ब्रिटनमध्ये हा प्रश्न थेट देशाच्या सर्वोच्च न्यायपीठापर्यंत गेला, म्हणून तिथून सुरुवात करते. हेलन ब्रुक यांनी १९६४ मध्ये लंडनमध्ये अविवाहित तरुणांसाठी सल्लाकेंद्र उघडले तेव्हा लग्न न झालेल्या मुलीला गर्भनिरोधक देणे हेच अनेक डॉक्टरांना अनैतिक वाटत असे. पुढे १९८० मध्ये आरोग्य खात्याने एक परिपत्रक काढले आणि अपवादात्मक परिस्थितीत सोळा वर्षांखालील मुलीलाही पालकांना न कळवता गर्भनिरोधकाचा सल्ला देता येईल, असे डॉक्टरांना सांगितले. व्हिक्टोरिया गिलिक या मातेने त्याला आक्षेप घेतला. आपल्या पाच मुलींपैकी कुणालाही आपल्या संमतीवाचून असा सल्ला दिला जाणार नाही, अशी लेखी हमी त्यांनी स्थानिक आरोग्य प्राधिकरणाकडे मागितली आणि ती न मिळाल्यावर त्या न्यायालयात गेल्या. पहिल्या निकालात त्या हरल्या. डिसेंबर १९८४ मध्ये अपील न्यायालयाने मात्र एकमताने त्यांच्या बाजूने कौल दिला.

त्या निकालानंतरचे काही महिने मला या साऱ्या विषयातले सर्वांत बोलके महिने वाटतात. एकही केंद्र बंद झाले नव्हते, एकही गोळी बाजारातून नाहीशी झाली नव्हती, आणि तरीही सोळा वर्षांखालील मुलींचे केंद्रांवर येणे लक्षणीयरीत्या घटले. बदलले होते ते केवळ ‘घरी कळेल का’ या प्रश्नाचे उत्तर. ऑक्टोबर १९८५ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च न्यायपीठाने, तीन विरुद्ध दोन अशा मतांनी तो निकाल फिरवला. मूल जसजसे पुरेशी समज आणि बुद्धी मिळवते, तसतसा त्याच्या वतीने निर्णय घेण्याचा पालकांचा अधिकार मागे सरतो, हे तत्त्व लॉर्ड स्कारमन यांनी मांडले. लॉर्ड फ्रेझर यांनी डॉक्टरांसाठी कसोट्या घालून दिल्या: मुलीला सल्ला समजतो आहे का, पालकांना सांगण्यास तिचे मन वळवता येते का, गर्भनिरोधक मिळो न मिळो ती संबंध ठेवणारच आहे का, ते न मिळाल्यास तिच्या शारीरिक किंवा मानसिक आरोग्याला अपाय होईल का, आणि तिचे हित कशात आहे. आजही तिथल्या परिचारिका आणि डॉक्टर याच कसोट्यांवर निर्णय घेतात.

यातली दुसरी कसोटी मला फार महत्त्वाची वाटते, कारण गोपनीयतेचा आग्रह म्हणजे पालकांना शत्रू मानणे, असा एक समज सर्वत्र आढळतो. मुलीने घरी बोलावे यासाठी तिचे मन वळवण्याचा प्रयत्न डॉक्टरने आधी करायचा आहे. ती तयार नसेल तर मात्र तिला रिकाम्या हाताने परत पाठवायचे नाही. पालकांची काळजी खरी असते आणि ती हेटाळण्याजोगी नाही. परंतु ज्या घरात मुलीला बोलता येते त्या घरातली मुलगी बहुधा बोलतेच, आणि जिला बोलता येत नाही तिच्यावर कायद्याने बोलण्याची सक्ती केली तर ती घरी बोलत नाही, ती दवाखान्यात यायची थांबते. गोपनीयतेला मर्यादाही असतात. एखादे मूल अत्याचाराला बळी पडत असेल किंवा त्याच्या जिवाला धोका असेल, तर सेवेला पुढे कळवावेच लागते, आणि चांगले केंद्र ही मर्यादा अगदी पहिल्या भेटीत, पहिल्या काही वाक्यांत, स्पष्टपणे सांगते. आपले काय गुप्त ठेवले जाणार आहे आणि काय नाही हे आधीच ठाऊक असलेली व्यक्ती अधिक मोकळेपणाने बोलते.

त्या संपूर्ण खटल्यात एका बाजूला आई होती, दुसऱ्या बाजूला शासकीय यंत्रणा होती. ज्यांच्या शरीराविषयी युक्तिवाद चालला होता त्या वयातली एकही मुलगी पक्षकार नव्हती. पुढच्या काळात चित्र बदलले ते इथे. इंग्लंडच्या आरोग्य खात्याने २००५ मध्ये ‘यू आर वेलकम’ या नावाने तरुणस्नेही सेवांचे निकष तयार केले, आणि एखादी सेवा त्यांत बसते की नाही हे तपासण्यासाठी अनेक ठिकाणी तरुणांनाच रुग्ण म्हणून पाठवले जाऊ लागले. प्रौढ तपासनिसाला न दिसणाऱ्या गोष्टी त्यांना दिसतात. स्वागतकक्षात सगळ्यांदेखत ‘कशासाठी आलात’ असे मोठ्याने विचारले जाते. केंद्र दुपारी अशा वेळी बंद होते की शाळा सुटल्यावर तिथे पोहोचणे शक्यच नसते. दारावरच्या पाटीवर असे नाव लिहिलेले असते की आत शिरणाऱ्याचे कारण रस्त्यावरच्या प्रत्येकाला कळावे. भिंतीवरच्या चित्रांत फक्त गरोदर स्त्रिया असल्यामुळे मुलग्यांना ही जागा आपली वाटत नाही, आणि समलिंगी किंवा अपंग तरुणांना तर ती आपल्यासाठी नाहीच असे वाटते. असल्या तक्रारी मोर्चाच्या फलकावर शोभणार नाहीत. पण माझ्या दृष्टीने हीच खरी चळवळ आहे, कारण यांतली प्रत्येक गोष्ट फारशा खर्चाशिवाय बदलता येते आणि ती बदलली की दुसऱ्याच दिवशी कुणीतरी आत येऊ शकते.

इंग्लंडने १९९९ मध्ये किशोरवयीन गर्भधारणा कमी करण्याचे दहा वर्षांचे धोरण आखले होते. अठरा वर्षांखालील मुलींमध्ये १९९८ साली दर हजारी सुमारे ४७ गर्भधारणा होत असत. २०१४ पर्यंत हे प्रमाण सुमारे २३ वर आले, म्हणजे निम्म्याहून कमी झाले. याचे श्रेय एकट्या दवाखान्यांना देता येणार नाही. शिक्षण, मुलींच्या आकांक्षा, बदलत्या सवयी अशी अनेक कारणे त्यात मिसळलेली आहेत. परंतु शाळेतले शिक्षण आणि सहज गाठता येणारी, गोपनीय सेवा यांची सांगड त्या धोरणाच्या केंद्रस्थानी होती, हे विसरून चालणार नाही. दुर्दैवाने, २०१३ मध्ये ही जबाबदारी स्थानिक प्रशासनांकडे गेली आणि २०१५ नंतर त्यांचे सार्वजनिक आरोग्याचे अनुदान कमी होत गेले, तेव्हा तरुणांच्या केंद्रांच्या वेळांवर आणि संख्येवरही कात्री चालली. आकडे सुधारले की पैसा काढून घ्यायचा, ही रीत मला अत्यंत अदूरदर्शी वाटते. दरवर्षी नवी मुले चौदा-पंधरा वर्षांची होत असतात आणि त्यांना सगळे पहिल्यापासून सांगावे लागते.

स्वीडनची गोष्ट तुलनेने शांतपणे घडलेली आहे. एलिसे ओटेसेन-येन्सेन यांच्या पुढाकाराने १९३३ मध्ये तिथे लैंगिक शिक्षणासाठी राष्ट्रीय संघटना उभी राहिली, १९५५ मध्ये शाळांत लैंगिक शिक्षण सक्तीचे झाले, आणि १९७० मध्ये बोर्लेंगे या गावात पहिले युवा आरोग्य केंद्र सुरू झाले. आज अशी दोनशेहून अधिक केंद्रे देशभर आहेत. तिथे मुख्यतः सुईणी आणि समुपदेशक काम करतात. गर्भनिरोधके, संसर्गाच्या तपासण्या, नात्यांविषयी किंवा झोप न येण्याविषयी बोलणे, सगळे एकाच छताखाली आणि विनामूल्य चालते. मला यातली सर्वांत शहाणपणाची वाटलेली व्यवस्था अशी, की शाळेचा अख्खा वर्ग शिक्षकांबरोबर एकदा केंद्र पाहायला जातो. ज्या दारातून सगळे एकदा आत जाऊन आले आहेत, त्या दारातून पुन्हा एकट्याने जाताना पावले तितकी अडखळत नाहीत. शिवाय झोपेच्या तक्रारीसाठी आलेला आणि गर्भनिरोधकासाठी आलेली, दोघेही त्याच बाकावर बसतात, त्यामुळे कोण कशासाठी आले आहे हे पाहणाऱ्याला ओळखता येत नाही.

दक्षिण आफ्रिकेचा अनुभव याच्या अगदी उलट दिशेने शिकवणारा आहे. कागदावर तिथला कायदा जगातल्या सर्वांत उदार कायद्यांपैकी आहे. बारा वर्षांवरील मुलाला कंडोम नाकारता येत नाही आणि वैद्यकीय सल्ल्यानंतर पालकांच्या संमतीशिवाय इतर गर्भनिरोधके देता येतात, असे २००५ चा बालक कायदा सांगतो. एचआयव्हीच्या साथीने त्या देशातल्या तरुण मुलींना ज्या प्रमाणात ग्रासले, ते पाहता असा कायदा करणे भाग होते. या साथीच्या काळात तिथे एका मुलाचा आवाज जगभर ऐकला गेला. जुलै २००० मध्ये डर्बनच्या आंतरराष्ट्रीय एड्स परिषदेत अकरा वर्षांच्या न्कोसी जॉन्सनने आपल्याला सामान्य माणसांसारखे वागवावे, अशी विनंती भर सभेत केली. पुढच्याच वर्षी १ जून रोजी तो गेला. १९९९ मध्ये सुरू झालेल्या ‘लव्हलाइफ’ या मोहिमेने अठरा ते पंचवीस वयाच्या तरुणांना मानधन देऊन शाळांत आणि केंद्रांत उभे केले, आणि सरकारी दवाखाने किशोरस्नेही व्हावेत यासाठीही तिथे स्वतंत्र उपक्रम चालला.

तरीही दोन अडथळे राहिले. पहिला दवाखान्यातल्या वागणुकीचा. गर्भनिरोधक मागायला आलेल्या मुलीला रांगेतल्या इतरांसमोर परिचारिकेने ‘एवढ्या लहान वयात हे कशाला’ म्हणून झापावे, हा तिथल्या मुलींनी वारंवार सांगितलेला अनुभव आहे. परिचारिकांनाही दोष देऊन मोकळे होता येत नाही. प्रचंड गर्दी, अपुरे मनुष्यबळ आणि स्वतःच्या मुलींविषयीची भीती त्यांच्याही बोलण्यात असते. दुसरा अडथळा कायद्यानेच निर्माण केला होता. २००७ च्या लैंगिक गुन्ह्यांविषयीच्या कायद्याने बारा ते पंधरा वर्षांच्या मुलांनी परस्परसंमतीने केलेले लैंगिक वर्तन, अगदी चुंबनसुद्धा, गुन्हा ठरवले आणि अशा गुन्ह्याची माहिती असलेल्या प्रत्येकावर ती पोलिसांना कळवण्याचे बंधन घातले. म्हणजे एका कायद्याने परिचारिकेला कंडोम द्यायला सांगितले आणि दुसऱ्याने त्याच मुलाची तक्रार करायला सांगितले. ऑक्टोबर २०१३ मध्ये घटनात्मक न्यायालयाने ही तरतूद मुलांच्या प्रतिष्ठेला आणि खासगीपणाला बाधा आणणारी म्हणून घटनाबाह्य ठरवली आणि २०१५ मध्ये कायदा सुधारला गेला. मुलांच्या रक्षणासाठी केलेला कायदाच मुलांना मदतीपासून दूर ढकलू शकतो, याचे इतके स्वच्छ उदाहरण मला दुसरे माहीत नाही, आणि म्हणूनच या निकालाची चर्चा त्या देशाबाहेरही व्हायला हवी होती, तेवढी झाली नाही याची मला खंत वाटते.

अर्जेंटिनात तरुणांनी हा प्रश्न रस्त्यावर आणला. तिथे सर्वंकष लैंगिक शिक्षणाचा कायदा २००६ मध्येच झाला होता, पण अनेक प्रांतांत आणि शाळांत तो नावापुरताच राहिला. २०१८ मध्ये गर्भपाताच्या कायद्यावर संसदेत चर्चा सुरू झाली तेव्हा ब्युनॉस आयर्समधल्या माध्यमिक शाळांतल्या मुलींनी गर्भपाताच्या हक्काच्या चळवळीची खूण असलेले हिरवे रुमाल दप्तरांना बांधले, काही शाळांचा विद्यार्थ्यांनी ताबा घेतला, आणि संसदेबाहेर कडाक्याच्या थंडीत जागून काढलेल्या रात्रींत या वयाच्या मुलींची संख्या डोळ्यांत भरण्याजोगी होती. त्या चळवळीची घोषणा तीन मागण्यांची होती: निर्णय घेता यावा म्हणून लैंगिक शिक्षण, गर्भपात करावा लागू नये म्हणून गर्भनिरोधके, आणि मरण येऊ नये म्हणून कायदेशीर गर्भपात. घोषणेतला क्रम मला विचारपूर्वक लावलेला वाटतो. सर्वांत गाजलेली मागणी त्यात शेवटी येते. ऑगस्ट २०१८ मध्ये सिनेटने ते विधेयक ३८ विरुद्ध ३१ मतांनी फेटाळले. मुलींनी रुमाल सोडले नाहीत. विद्यार्थी चळवळीतून पुढे आलेली ओफेलिया फर्नांडेस २०१९ मध्ये अवघ्या एकोणिसाव्या वर्षी ब्युनॉस आयर्सच्या विधिमंडळात निवडून गेली आणि ३० डिसेंबर २०२० रोजी सिनेटने कायद्याला मंजुरी दिली. सोळा वर्षांवरील मुलगी हा निर्णय स्वतःच्या संमतीने घेऊ शकते, असे तो कायदा म्हणतो.

परंतु मोर्चांच्या छायाचित्रांत न दिसलेली एक गोष्ट त्याच काळात तिथे घडत होती. अनपेक्षित किशोरवयीन गर्भधारणा टाळण्यासाठी २०१७ मध्ये राष्ट्रीय योजना सुरू झाली. तिच्याखाली समुपदेशक थेट शाळांमध्ये बसू लागले, आणि दंडात बसवायचे, काही वर्षे टिकणारे गर्भनिरोधक सरकारी दवाखान्यांत मोफत मिळू लागले. रोज घ्यावी लागणारी गोळी दप्तरात किंवा कपाटात सापडू शकते, दंडातले साधन सापडत नाही. हेही शेवटी गोपनीयतेचेच एक रूप आहे. पुढच्या चार-पाच वर्षांत देशातला किशोरवयीन मातांचा जन्मदर जवळपास निम्म्यावर आला. २०२४ मध्ये नव्या सरकारच्या खर्चकपातीत याच योजनेतल्या बहुतेक कर्मचाऱ्यांना घरी पाठवण्यात आले. कायदा रद्द करायचा तर संसदेत वाद घालावा लागतो, वर्तमानपत्रे लिहितात, लोक रस्त्यावर येतात. शाळेतल्या समुपदेशकाचे कंत्राट न वाढवणे मात्र एका सहीने होते.

अमेरिकेत जुलै २०२३ मध्ये औषध प्रशासनाने पहिल्यांदाच रोज घ्यायची गर्भनिरोधक गोळी डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय आणि वयाच्या अटीशिवाय विकण्यास परवानगी दिली. त्यापूर्वी मे महिन्यात तज्ज्ञ समितीने १७ विरुद्ध शून्य मतांनी शिफारस केली होती आणि तिच्यासमोरच्या जाहीर सुनावणीत तरुण कार्यकर्त्यांनी साक्षी दिल्या होत्या. डॉक्टरची वेळ मिळवण्यासाठी शाळा बुडवावी लागते, वाहन आणि विमा पालकांच्या हाती असतो, हे त्यांनी तिथे स्वतःच्या अनुभवातून सांगितले. औषधाची सुरक्षितता शास्त्रज्ञ सांगू शकतात, पण दवाखान्यात पोहोचण्याचा खटाटोप कसा असतो हे ज्याने केला त्यानेच सांगावे लागते. मार्च २०२४ पासून ती गोळी दुकानांत आली. महिन्याच्या पाकिटाची किंमत सुमारे वीस डॉलर ठेवली गेली. स्वतःची कमाई नसलेल्या मुलीसाठी ही रक्कम लहान नाही, आणि म्हणून विम्यातून ती विनाचिठ्ठी मोफत मिळावी ही पुढची मागणी आहे.

त्याच देशात दुसऱ्या बाजूला टेक्सासमध्ये गिलिक खटल्याची जणू पुनरावृत्ती झाली. केंद्र सरकारच्या १९७० च्या योजनेतून चालणारी कुटुंबनियोजन केंद्रे ही तिथल्या अल्पवयीन मुलींना पालकांच्या संमतीविना गर्भनिरोधके मिळण्याची एकमेव भरवशाची जागा होती. मुलींच्या एका पित्याने त्याविरुद्ध दावा लावला; आपल्या मुली अशा केंद्रात गेल्या होत्या, असे त्यांचे म्हणणेही नव्हते. डिसेंबर २०२२ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला आणि मार्च २०२४ मध्ये वरच्या न्यायालयाने तो मुख्यतः कायम ठेवला. ब्रिटनमध्ये १९८४ चा निकाल दहा महिन्यांत फिरला होता. टेक्सासमधल्या मुलींना तसा दिलासा मिळालेला नाही. तिथल्या स्वयंसेवी संस्था आता अल्पवयीन मुलींना फोनवर माहिती देतात, आपत्कालीन गोळ्यांची पाकिटे पोहोचवतात आणि कायदा नेमका काय म्हणतो ते समजावून सांगतात.

आंतरराष्ट्रीय पातळीवरच्या कामाकडे मी थोड्या सावधपणे पाहते. लोकसंख्या आणि विकास या विषयावरच्या संयुक्त राष्ट्रांच्या १९९४ च्या कैरो परिषदेच्या कृतिकार्यक्रमात किशोरवयीनांना माहिती आणि सेवा मिळाव्यात, त्यांचा खासगीपणा जपला जावा, हे पहिल्यांदा इतक्या देशांनी एकत्र मान्य केले. पाच वर्षांनी द हेग येथे तरुणांचा मंच भरला आणि त्यातून या हक्कांसाठी तरुणांनीच चालवलेली आंतरराष्ट्रीय आघाडी निर्माण झाली. ठरावांतला एखादा शब्द टिकवण्यासाठी या मुलामुलींनी संयुक्त राष्ट्रांच्या न्यूयॉर्कमधल्या सभागृहांत रात्री जागवल्या आहेत आणि त्या शब्दांचा आधार पुढे देशोदेशीच्या न्यायालयांत घेतला गेला आहे, म्हणून त्याला कमी लेखता येत नाही. परंतु व्यासपीठावर एक तरुण चेहरा हवा म्हणून कुणाला तरी बोलावणे, त्याच्याकडून पाच मिनिटांत दुःखद अनुभव सांगून घेणे आणि अंदाजपत्रक ठरवताना त्याला खोलीबाहेर ठेवणे, हा प्रकारही तितकाच चालतो. तरुण प्रतिनिधीला प्रवासखर्च मिळतो, मानधन बहुधा मिळत नाही. परिणामी ज्याच्या घरी परिस्थिती बरी आहे तोच टिकतो, आणि ज्या मुलीला सेवेची सर्वाधिक गरज आहे ती त्या खोलीत कधीच नसते. शिवाय या चळवळीतला प्रत्येक कार्यकर्ता काही वर्षांत ‘तरुण’ राहत नाही. कामगार संघटनेचा किंवा शेतकरी संघटनेचा कार्यकर्ता तीस वर्षे एकाच प्रश्नावर अनुभव साठवू शकतो, इथे मात्र कौशल्य हाती येते न येते तोच वयोमर्यादा संपते. म्हणून दक्षिण आफ्रिकेत दिले गेले तसे नियमित मानधन आणि आधीच्या तुकडीने पुढच्या तुकडीला शिकवण्याची व्यवस्था, या दोन गोष्टी मला कोणत्याही ठरावापेक्षा अधिक निकडीच्या वाटतात.

वयाच्या रेषा कशा आखल्या जातात याकडेही तरुणांनीच लक्ष ठेवावे लागते. आयर्लंडने सप्टेंबर २०२२ मध्ये मोफत गर्भनिरोधकांची योजना सतरा ते पंचवीस वयाच्या स्त्रियांसाठी सुरू केली आणि नंतर वरची वयोमर्यादा टप्प्याटप्प्याने वाढवत नेली. खालची मर्यादा मात्र सतराच राहिली, कारण तिथे लैंगिक संमतीचे वय सतरा आहे, जरी वैद्यकीय उपचारांना संमती देण्याचे वय सोळा असले तरी. पोलंडमध्ये मार्च २०२४ मध्ये पंधरा वर्षांवरील मुलींना आपत्कालीन गोळी चिठ्ठीशिवाय मिळावी या विधेयकावर राष्ट्राध्यक्षांनी नकाराधिकार वापरला, तेव्हा सरकारने मे महिन्यापासून औषध दुकानदारालाच चिठ्ठी लिहिण्याचा अधिकार दिला. त्यात सहभागी होणे दुकानदारांच्या मर्जीवर आहे, आणि जितके लवकर घ्यावे तितके बरे अशा औषधासाठी तयार असलेले दुकान शोधत फिरण्यात मुलीचा मोलाचा वेळ जातो.

गोपनीयतेचा सर्वांत नवा पेच मात्र कोणत्याही दारात उभा नाही. अमेरिकेत २०१० च्या आरोग्य कायद्यामुळे सव्वीस वर्षांपर्यंतच्या मुलांना पालकांच्या विम्यात राहता येऊ लागले, ही मोठीच सोय झाली. परंतु तपासणी झाली की विमा कंपनीचे हिशेबपत्र पालकांच्या नावाने घरी येते आणि त्यात तपासणीचा उल्लेख असू शकतो. कॅलिफोर्नियाने २०१५ पासून असे पत्र वेगळ्या पत्त्यावर मागवण्याचा हक्क कायद्याने दिला. आता पत्राची जागा मोबाइलवरच्या वैद्यकीय नोंदींनी घेतली आहे. एप्रिल २०२१ पासून अमेरिकेतल्या रुग्णालयांना डॉक्टरांच्या नोंदी रुग्णापासून विनाकारण अडवून ठेवता येत नाहीत, आणि अल्पवयीन रुग्णाच्या खात्याचा परवलीचा शब्द पुष्कळदा आईवडिलांकडेच असतो. स्वीडनने यावर उपाय म्हणून मूल तेरा वर्षांचे झाले की पालकांचा ऑनलाइन प्रवेश बंद केला, पण मुलाला स्वतःच्या नोंदी सोळाव्या वर्षापासूनच दिसू लागतात. मधली तीन वर्षे त्या दोघांपैकी कुणालाच दिसत नाहीत. एखाद्या दीर्घ आजारी मुलाच्या पालकांना याचा त्रास होतो, हे मान्य करूनही मला स्वीडनची चूक अमेरिकेच्या चुकीपेक्षा कमी घातक वाटते. अधिक चांगला मार्ग असा, की नोंदींचे दोन कप्पे असावेत, लसीकरण आणि नेहमीच्या आजारांचा एक, आणि ज्या सेवा कायद्यानुसार मुलाला स्वतःच्या संमतीने मिळतात त्यांचा दुसरा, आणि दुसऱ्या कप्प्याची किल्ली केवळ त्या मुलाकडे असावी. काही रुग्णालयांनी किशोरवयीनांसाठी अशी स्वतंत्र खाती उघडलीही आहेत. ही खाती कशी असावीत हे ठरवणाऱ्या बैठकांना सोळा वर्षांची मुले-मुली बोलावली जावीत, आणि बैठक शाळा सुटल्यानंतर ठेवली जावी.